वाफेवर चालणारे व्याही

देवाने पंचमहाभूतं निर्माण केली ती केवळ बॉयलरची सोय व्हावी म्हणून, याबद्दल ज्याच्या मनात तिळमात्र शंका नाही असा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या मुलाचा सासरा निघाला. तापवायला अग्नी, तापायला पाणी, भट्टीत फुंकायला वारा, पाया भरायला पृथ्वी आणि चिमणी उभारायला आकाश. त्यांच्या मते या योजनेत कुठेही खोट नाही. तरुणपणी एक सूटकेस घेऊन ते न्यू जर्सीत आले आणि उभा जन्म कारखान्यांचे बॉयलर बसवण्यात, तपासण्यात आणि त्यांची समजूत काढण्यात घालवून निवृत्त झाले. निवृत्त म्हणजे पगार यायचा थांबला, एवढंच.

त्यांचं प्रथम दर्शन मला पुण्यात, मुलाच्या लग्नात झालं. खरं म्हणजे झालं नाही, हीच तर गंमत. अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला आणि वधूपिता गायब! त्यांना हे स्थळ पसंत नसावं, अशी कुजबुज माझ्या नणंदेने लगेच चार रांगांपर्यंत पोचवली. मी वरमाई. नथ सावरत मी रागाने लाल व्हायची तयारी करत होते, तेवढ्यात एक वाढपी सांगत आला, "ते फेटेवाले साहेब ना? ते मागं भटारखान्यात आचाऱ्याशी भांडतायत." इडल्यांना वाफ पुरवणारा एक काळाकुट्ट बॉयलर तिथे धुसफुसत होता आणि रेशमी झब्ब्यातले आमचे व्याही त्याच्यापुढे हात पसरून उभे होते. "सेफ्टी व्हॉल्व्हला तार कुणी बांधली? वाफ अनावर झाली की याच तोंडातून सुटते. ते तोंडच बांधून ठेवलंत? तार काढा, मग मंगलाष्टकं!" आचारी म्हणाला, "साहेब, फार शिट्ट्या मारतो तो." "मारू द्या! खरं बोलणाऱ्याचं तोंड बांधायचं नसतं!" शेवटी तार निघाली, व्याही बोहल्याशी आले, आणि भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि मागून बॉयलरने कार्यालय हादरवणारी शिट्टी ठोकायला एकच गाठ पडली. अक्षता टाकायच्या सोडून निम्मी मंडळी खुर्च्यांखाली गेली. मी त्यांत होते, हे माझ्या नातीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढे मी एकटी पडले आणि मुलाने मला न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आणलं. व्याही शेजारच्याच गल्लीत एकटेच राहायचे, त्यांच्या पत्नी लेकीचं लग्न पाहून वर्षाच्या आतच गेल्या होत्या. मी आल्याच्या आठवड्यात त्यांचा फोन. "विहीणबाई, उद्या सकाळी तयार राहा. तुमचा मान करायचाय." मी तेव्हा साठीची, म्हणजे तशी अजाणच. मान म्हटल्यावर मला साडी, चांदीची वाटी, निदान मोत्याची कुडी तरी दिसू लागली. पैठणी नेसले, अंबाडा घातला. मुलगा म्हणाला, "आई, सँडल नको, ते जाड शूज घाल." माझ्या आनंदावर विरजण घालायची याला सवयच आहे, असं म्हणून मी सँडलच घातल्या.

गाडी थांबली ती एका वीजनिर्मिती केंद्राच्या फाटकाशी. व्याह्यांनी जुन्या ओळखीने आधीच परवानगी काढून ठेवली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझी पर्स उपसली. तेव्हा सगळीकडेच तपासण्या कडक झाल्या होत्या. त्यात कुंकवाची डबी निघाली, आणि हा लाल पदार्थ माणूस कपाळाला लावतो हे व्याह्यांनी त्याला स्वतःच्या कपाळावर लावून दाखवलं. मग माझ्या अंबाड्यावर पिवळं हेल्मेट चढलं, ते टेकेना, म्हणून अंबाडा सुटला. सँडल पाहून कुणीतरी मला बूट दिले, त्यांत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. अशा थाटात मी मान घ्यायला निघाले.

आणि मग तो दिसला. म्हणजे सगळा दिसलाच नाही, कारण मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी तो संपेना. एखादी उंच इमारत असावी तसा बॉयलर. "पाया केवढा असेल हो याचा!" मी म्हटलं. व्याही माझ्या त्याच प्रश्नाची वाट पाहत होते. "हा उभा नाहीये, विहीणबाई. टांगलाय. वरच्या तुळयांना. तापला की लोखंड वाढतं, त्याला खाली उतरायला जागा नको?" झुंबर टांगावं तसा तो डोंगर टांगलेला होता! त्यांनी मला एक निळी काच दिली आणि भिंतीतलं नाण्याएवढं भोक उघडलं. आत पाहिलं. त्याला आग म्हणवत नाही. आग आपण चुलीत बघतो. हे म्हणजे सूर्याच्या घरात खिडकीतून डोकावणं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. व्याही हळूच म्हणाले, "मीसुद्धा पहिल्यांदा हेच केलं होतं." मोत्याची कुडी मला आजतागायत मिळालेली नाही, पण असा मान कुठल्या विहिणीला मिळाला असेल, सांगा!

परतीच्या वाटेवर मला बॉयलरांची वंशावळ कळली. दोन मोठी घराणी. एकात आगीचे लोट नळ्यांतून जातात आणि भोवती भरपूर पाणी असतं. तो तापायला वेळ घेतो, पण तापला की शांतपणे तासन् तास वाफ देतो. धोबीखाने, दूध-डेअऱ्या, इस्पितळं यांचा तो जिवलग. दुसऱ्यात पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. पाणी थोडं, दाब प्रचंड, वाफ झटपट. तो विजेसाठी, मोठाल्या कारखान्यांसाठी. ही वर्गवारी ते माणसांनाही लावत. माझे यजमान पहिल्या घराण्यातले, हे त्यांनी लग्नात एकदाच बोलून ओळखलं होतं, आणि अगदी बरोबर ओळखलं होतं. मी अर्थातच दुसऱ्या. "काडी ओढली की वाफ!" माझा मुलगा विजेवरचा बॉयलर: धूर नाही, आवाज नाही, प्लग काढला की संपला. आणि इथल्या मराठी मंडळातल्या एका काकू होत्या, दुसऱ्यांच्या घरांतल्या भांडणांवर ज्यांचा दिवस साजरा व्हायचा. त्या वेस्ट हीट बॉयलर, म्हणजे स्वतःची भट्टी नाही, शेजारच्या भट्टीतून निघालेल्या गरम धुरावर चालणारा. काकूंना हे कळलं, पण त्यांना ते कौतुकच वाटलं.

आमच्या तळघरात घर गरम ठेवणारा एक बुटका बॉयलर आहे. वाफसुद्धा करत नाही, नुसतं पाणी तापवून घरभर फिरवतो. व्याही त्याला घराण्यातलं शेंडेफळ म्हणत. दर रविवारी ते यायचे, चहाच्या आधी तळघरात उतरायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. "बेअरिंग कुरकुरतंय," म्हणाले की महिन्याभरात पंप बंद पडलाच म्हणून समजा. तो कान म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहणारा त्यांचा मुलगा दर फोनला म्हणे, "डॅड, एकटे किती दिवस राहणार? इकडे या ना!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "ज्या दिवशी मला बॉयलर ऐकू येणार नाही, त्या दिवशी मीच फोन करीन." त्या कानाला काही होईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाल बटण आहे. ते बॉयलरचं. आता, खोलीतून बाहेर पडताना हाताला लागेल ते बटण बंद करायचं, हे माझ्या बोटांत जन्मभर मुरलेलं. पहिल्याच हिवाळ्यात घर गारठलं, मुलगा आणि सून मॅन्युअल उघडून बसले. व्याह्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, "विहीणबाई तळघरात लोणचं आणायला गेल्या होत्या का?" गेले होते. त्यानंतर सुनेने बटणावर चिठ्ठी डकवली: आई, प्लीज डोन्ट. मी ती वाचते आणि तरीही बोटं आपलं काम करतात.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. बाहेर बर्फ, आणि व्याही नेहमीप्रमाणे तळघरात. मी मागोमाग लिंबाच्या लोणच्याची बरणी परत ठेवायला उतरले. त्यांनी कानाला मूठ लावली, डोळे मिटले, मान डोलावली. "वा! काय सुरात चाललाय!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. वाटलं, गेले आपले कान. तेवढ्यात वरून माझी नात रेवा ओरडली, "आजी, इट्स सो कोल्ड! तू परत बटण ऑफ केलंस?"

व्याह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती हाक त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यांनी सवयीने बॉयलरमधून निघणाऱ्या नळावर तळवा ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. तळवा तिथेच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंद आहे ना हा?"

चहात साखर किती घेतली याबद्दल मी डॉक्टरांशी बिनदिक्कत खोटं बोलते. त्या क्षणी मात्र जमलं नाही. हो म्हणून मान हलवली. जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून. हातावर भागवत होतो." ते किंचित हसले. "दर वेळी आधी हात लावायचो, मग बोलायचो. आज क्रम चुकला."

"मी कुणाला सांगणार नाही," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "बटण मी बंद केलं. मला काही दिसलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. संपलं!"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर रुमालाने पुसला. "व्हॉल्व्हला तार बांधायची नसते, विहीणबाई," ते म्हणाले, जिना चढले, लाल बटण चालू केलं, आणि चहाला हात न लावता फ्रीमाँटला फोन केला.

एवढ्या दाबाखाली इतकं शांत राहणारं यंत्र मी त्या वीज केंद्रातही पाहिलं नव्हतं.

आता ते तिकडे असतात. कानाला मशीन बसवलंय, फोनवर बोलणं कळतं, पण पंपाची कुरकुर त्यातून येत नाही म्हणतात. मुलाच्या घरात बॉयलर नाही, नुसती गरम हवा येते. "फुंकर घालतात हो इथे, फुंकर!" अशी त्यांची तक्रार. थंडीही म्हणण्यासारखी नाही, त्यामुळे कुणाला बॉयलरची कदर नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. मी फोन घेऊन तळघरात उतरते, शेंडेफळाच्या नळावर तळवा ठेवते, आणि ते विचारतात, "चटका बसतो की ऊब लागते? थरथर एकसारखी आहे की अडखळते?" मी सांगते. सुरुवातीला ठोकून द्यायची, आता खरंच कळायला लागलंय. मागे एकदा म्हटलं, "जरा अडखळतोय," आणि पुढच्याच आठवड्यात पंप बदलावा लागला. व्याही इतके खूश झाले की त्यांनी तेच मला तीनदा सांगायला लावलं.

फोन संपला की वरून मुलगा विचारतो, "आई, झालं का बोलून?" बोलून केव्हाच झालेलं असतं. मी हात तेवढा काढलेला नसतो.