पत्रिकेआधी रिपोर्ट

एचआयव्हीचं नाव काढलं की लोक गप्प होतात म्हणे! आम्हाला विचारा. मी आणि सुरेखा बेळगावच्या आसपास पिअर एज्युकेटर म्हणून फिरतो. म्हणजे तरुण पोरापोरींना त्यांच्याच वयाच्यांनी समजावायचं. माहिती देऊन घरी यावं, तर पिशवीत पत्रकं कमी आणि किस्सेच जास्त!

विणकरांच्या वडगावात मागांच्या खडखडाटात खासगी बोलणं सोपं. एका पोराच्या कानाशी सुरेखा ओरडत होती, "निरोध दर वेळी वापरायचा! लाजायचं न्हाय!" नेमका दुसऱ्या वाक्याआधी करंट गेला. सगळे माग गप्प, आणि सुरेखाचा आवाज गल्लीभर. समोरच्या ओट्यावरचे आप्पा दचकून उठले. "व्हय बाई, न्हाय लाजत!"

कडोलीत आम्ही प्रश्नपेटी ठेवली. नाव न लिहिता शंका टाका म्हणून सांगितलं. एकच चिठ्ठी आली. पण दरवर्षी साहित्य संमेलन भरवणारं गाव ते! चार कडव्यांची कविता, खाली पूर्ण नाव, पत्ता आणि तळटीप: 'पूर्वप्रसिद्धी नाही.'

कंग्राळीत सुरेखा म्हणाली, "एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत न्हाय."

एक आजी म्हणाली, "मग माझ्या ताटात जेवून दाखव की!"

ती जेवली. लगेच शेजारीण आली, "आमच्यातबी दाखव गं!" सात घरं झाली. परतताना सुरेखा पोट धरून म्हणाली, "जागृती गावाला, अजीर्ण मला!"

या सुरेखाचं एक स्थळ मोडलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली, तर तिनं स्वतःचा एचआयव्ही टेस्टचा रिपोर्ट पुढं ठेवला आणि मुलाचाही मागितला. पाहुणे चहा न पिता उठले. आई महिनाभर रडत होती. मला सुरेखाचा राग आला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. "दुसऱ्यांना सांगते ते माझ्या लग्नात सोडू व्हय?" म्हणाली.

दुसरं स्थळ हिंडलग्यात तिच्या घरी आलं, तेव्हा तिची अट आधीच कळवली होती. आईचा जीव टांगणीला. मुलाच्या वडिलांनी थाटात फाईल उघडली. रिपोर्ट निघाले अकरा! आई, वडील, काका, काकू, ऐंशीची आजीसुद्धा!

"आणि मुलाचा?" सुरेखानं विचारलं.

"त्यो सुई बघितली की चक्कर येऊन पडतोय. म्हणून आम्ही समद्यांनी काढून घेतला!"

सुरेखाची आई देवाकडं बघायला लागली. सुरेखानं पोह्यांची बशी खाली ठेवली, पदर खोचला, स्कूटीची किल्ली घेतली. "उठा. मी हात धरते."

पोरगा पांढराफटक, पण उठला. स्कूटी निघाली तशी आजी दारात येऊन आपला कागद हलवत ओरडली, "भिऊ नगं रं! मी पास झाले की!"