पेटीवरचं नाव

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नावांच्या बाबतीत माझी मतं फार ठाम होती. साठ पोरांची हजेरी रोज घेणाऱ्या बाईची ती होतातच. चार अक्षरांच्या वरचं नाव म्हणजे मुलावर अन्याय, असं मी शिक्षकांच्या खोलीत कुणी न विचारताही सांगत असे. लांब नावाची मोडतोड वर्गातली पोरं आठवडाभरात करतात आणि उरलेला तुकडा त्या बिचाऱ्याला मॅट्रिकपर्यंत चिकटून राहतो. त्यामुळे मला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवायला अख्ख्या नागपुरात माझ्याइतकी लायक बाई दुसरी नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. अडचण एवढीच होती की मुलाला जन्मतःच दोन भाषा होत्या. माझं माहेर कुहीकडचं, धानाच्या शेतीवालं. सासर तेलुगू. सासरे रेल्वेत गार्ड होते. नोकरीपायी नागपुरात आले आणि इथलेच झाले. आमच्या लग्नाआधीच ते गेले, म्हणून मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. नवरा सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात होता. सकाळी बसने जायचा आणि दिवेलागणीला यायचा. नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर सासूबाई, मी, बाळ, आणि बाळंतपणासाठी कुहीहून येऊन राहिलेली माझी आई. सासूबाई मुलाशी तेलुगूत बोलत आणि बाकी जगाशी नागपुरी हिंदीत. आईला हिंदी येत नव्हती, पण येते अशी तिची समजूत होती. दोघींचं छान जमायचं.

बारसं आमच्याकडे बाराव्या दिवशी, त्यांच्याकडे एकविसाव्या. आईने उदारपणे एकविसावा कबूल केला. "त्याईचंबी काही चालू दे," ती म्हणाली. मला नऊ दिवस जास्तीचे मिळाले, म्हणून मीही खूश.

मी नावांची यादी केली आणि रीतसर परीक्षा घेतली. बाजेवर मध्ये मी आणि बाळ, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी हजेरीसारखं एकेक नाव वाचायचं. दोघींच्या तोंडी ते सुखाने बसलं पाहिजे, दोघींच्या मुलखात ते आपलं वाटलं पाहिजे, आणि वर्गात त्याचे तुकडे होता कामा नयेत. आई उठून दारात जायची आणि रस्त्याकडे तोंड करून ते नाव ठणकावून ओरडायची. समोरच्या घरचे लोक पहिल्या दिवशी बाहेर आले, मग यायचे बंद झाले.

"असं काहून ओरडतं वं?" मी विचारलं.

"बांधावरून हाक मारली त आयकू गेली पायजे," आई म्हणाली. आम्हाला नंदनवनात बांध नव्हता, पण तिची कसोटी तीच.

रवी पहिल्याच हाकेत बाद झालं, कारण आईच्या तोंडून ते 'रव्या' असंच बाहेर पडलं आणि कुहीत त्या नावाचा तिचा एक नावडता पुतण्या होता. किरण थोडं टिकलं. आनंद मात्र दोन्हीकडे पास झालं. ऐकायला गोड, बोलायला सोपं. सासूबाईंनी प्रत्येक नाव मन लावून ऐकलं, ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी सांगितलं, "अच्छा है." मग त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघायच्या.

मला वाटलं, सासऱ्यांचा आशीर्वाद मागताहेत. पहिल्यांदा मी तो फोटो पुसून घेतला. दुसऱ्यांदा हार बदलला. तिसऱ्यांदाही त्या तिकडेच बघत राहिल्या, तेव्हा फोटो वाकडा लागलाय असं माझ्या लक्षात आलं आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगून खिळा सरळ मारून घेतला. मी तशी तत्पर सून होते.

आनंद नक्की झालं. शाळेतल्या एका बाईंनी तर बाळाच्या दुपट्यावर लाल दोऱ्याने ते नाव भरूनही आणलं. आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी पलंगाखालून सासऱ्यांची काळी लोखंडी पेटी ओढून काढली. गार्डच्या ड्यूटीवर ते ती बरोबर नेत. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, इंग्रजी अक्षरांत. सासूबाईंनी पेटी माझ्या बाजेशी आणून ठेवली, अक्षरं माझ्याकडे करून, आणि एकदा बाळाकडे व एकदा माझ्याकडे बघून आत गेल्या. मला फार बरं वाटलं. बाळाच्या लंगोट्यांना जागा हवीच होती. मी त्या सगळ्या घडी करून पेटीत भरल्या.

दोन दिवसांनी आई बाळाला तेल लावत होती. सासूबाई बाजारात गेल्या होत्या.

"थे पेटी कायले आणली वं त्याईनं?" आईने विचारलं.

"कपडे ठेवायले."

"कपड्याले फळी हाये. पेटीवर तुह्या सासऱ्याचं नाव हाये ना?"

"हाये."

"मंग?"

"मंग काय?"

आईने तेलाचा हात थांबवला. "तू पोराईले शिकवतं म्हणे. तुले समजून नाही राहिलं का वं? नवऱ्याचं नाव बाईले तोंडानं घेता येत नाही. मंग थे बाई सांगन कशी, का हेच नाव ठेवा म्हणून?"

आईला अक्षर वाचता येत नव्हतं. मी दोन दिवस त्या अक्षरांसमोर झोपत होते.

त्यांच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या आईला निदान लग्नाकार्यात उखाण्यातून बाबांचं नाव घेता यायचं. सासूबाईंना तीही सोय नव्हती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला दया वगैरे काही आली नाही. मला राग आला. ते नाव सहा अक्षरी होतं, त्यात दोन जोडाक्षरं. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्याचं काय केलं असतं ते मला दिसत होतं. आणि घरात त्याला हाक तरी कोण मारणार? सासूबाईंच्या नवऱ्याचं नाव, ते त्या घेणार नाहीत. माझ्या सासऱ्यांचं, ते मला घेता येत नाही. आई व्याह्यांच्या नावाने पोराला रागावणार का? पोरगं बिननावाचंच वाढलं असतं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला चहाही मिळाला नाही. "तुम्ही मले सांगतलं काहून नाही?"

"मले वाटलं, तुले माहीत हाये," तो म्हणाला. "अन् तुले नको हाये. म्हणून मीच आईले म्हटलं, तिचं पोरगं हाये, तिले ठेवू दे."

"अन् त्या काय म्हणाल्या?"

"अच्छा है म्हणाली."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की एवढं लांब नाव शाळेत चालत नाही, पोरं हसतात. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे अर्धवट मिटून पडले होते. त्यांना वाटलं, झोपले. त्या हळूच आल्या, पेटीसमोर खाली बसल्या आणि एकेक लंगोटी काढून फळीवर रचू लागल्या. सगळ्या काढून झाल्यावर झाकण लावलं. पदराने झाकणावरची अक्षरं पुसली, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पेटी पलंगाखाली ढकलून दिली, पार भिंतीपर्यंत, जिथून ती पुन्हा सहज निघू नये. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. मला माझी इतकी लाज वाटली की डोळे पुरते उघडायची हिंमत होईना.

त्या उठून जायच्या आत मीच उठले. आईने सवा महिना वाकू नको म्हणून बजावलं होतं, तरी मी वाकले आणि कडीला धरून पेटी बाहेर ओढली. पेटीवर हात ठेवला, मग बाळावर. तोंडाने सांगायची सोय मलाही नव्हती.

सासूबाईंनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं. "स्कूल में बच्चे हँसेंगे ना," त्या म्हणाल्या.

"हँसने दो," मी म्हटलं. "स्कूल तो मेरा है."

त्यावर त्या हसल्या आणि मला ओरडल्या, बाळंतिणीने वजन कशाला ओढायचं म्हणून. पोरं पुढे हसलीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नावाचा पुढचा अर्धा भाग उडवून टाकला. मुलाला त्याचं काही वाटलं नाही. मी स्वतः त्याला अजूनही 'बाळ' म्हणते, आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले तरी. ते नाव इथे लिहितानाही हात अडतो, म्हणून लिहीत नाही.

एकविसाव्या दिवशी शेजारपाजारच्या बायका जमल्या. पाळणा फुलांनी सजवला होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण माझ्या नवऱ्याला बहीण नव्हती. शेजारच्या एक काकू हौसेने पुढे झाल्या. सासूबाई विधवा, म्हणून त्या सकाळपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड घुगऱ्यांच्या पातेल्याशी स्वतःला गुंतवून बसलेल्या.

"नाव सासूबाई सांगतील," मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकू खाकरल्या. कुणी काही बोलायच्या आत माझी आई आत गेली आणि तिने सासूबाईंच्या हातातला झारा काढून घेतला. "चला, विहीणबाई. घुगऱ्या मी पाह्यतो," ती म्हणाली, आणि त्यांचा दंड धरून त्यांना पाळण्यापर्यंत घेऊन आली.

सासूबाई वाकल्या. आमच्याकडे कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका गमतीने धपाटे घालतात. सगळ्यांनी हात उचलले होते, पण कुणाचाच हात खाली येईना, कारण सासूबाई वाकलेल्याच होत्या आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. त्यांचे ओठ मला दिसत होते. दोनदा उघडले आणि मिटले.

मग त्या सरळ झाल्या, पाळण्याची दोरी घट्ट धरली, आणि कानात सांगायचं ते नाव त्यांनी सगळ्या घराला ऐकू जाईल असं घेतलं. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं. आणि त्यापुढे तेलुगूत काहीतरी म्हणाल्या.

नवरा दाराशी उभा होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी जवळ जाऊन विचारलं, काय म्हणाल्या?

"जेवण वाढलं, या, म्हणून राहिली," तो म्हणाला.

चाळीस वर्षं त्यांनी सासऱ्यांना वाढलं होतं आणि एकदाही नावाने जेवायला बोलावलं नव्हतं. पाळण्यात एकवीस दिवसांचं पोर झोपलेलं, त्याला कसलं जेवण. सासूबाईंनी पुन्हा तीच हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि आम्ही सगळ्या बायका हात तसेच धरून ऐकत राहिलो.