तिच्या आईला दाखवायचे केस

गल्फमध्ये आल्यावर मी सगळ्यांत आधी एक शब्द शिकले, तो म्हणजे 'येतं'. मालकिणीने विचारलं, थ्रेडिंग येतं? येतं. अरबी बायकांचं ब्लो-ड्राय? येतं. मेंदी? तीही येते. मग सुट्टीच्या दिवशी रूममधल्या मैत्रिणींना पकडून त्यांच्यावर हात बसवायचा. 'येत नाही' म्हणणाऱ्या दोन मुली महिन्याभरात परत गेलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यामुळे पहिल्या सतरा वर्षांत या सवयीत काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट थोडी मिजासच होती. दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या लेडीज सलूनमध्ये मी सगळ्यांत सीनियर, आणि वसईच्या बायका तर सणाच्या आधी माझ्याच खुर्चीसाठी तासतास थांबतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वॉर्डात एक केनियाची नर्स होती. वय पस्तिशीचं, जाड भिंगाचा चष्मा, केस कायम टोपीत. पेशंटांकडून उचललेल्या हिंदीत ती नवऱ्याला म्हणायची, "चलो पापा, थोडा चलो." पापा म्हटल्याचा त्याला भारी राग यायचा, पण ती म्हणेल तेवढा चालायचा. मी सांगत होते तेव्हा मात्र हललाही नव्हता. तिची आणि माझी गट्टी जमली. आमचं बोलणं मोडकं इंग्रजी आणि तिची हिंदी यांची खिचडी असायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

शेवटच्या दिवशी ड्युटी संपवून ती निरोप घ्यायला आली तेव्हा टोपी नव्हती. इतके दाट, बारीक कुरळे केस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. मी सलूनमध्ये काम करते हे कळल्यावर ती कॉटशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. ती सहा वर्षांची असल्यापासून तिची आई तिचे केस औषध लावून सरळ करायची. डोकं भाजायचं, खपल्या धरायच्या. आई म्हणायची, आपले केस असेच ठेवले तर वाढत नाहीत, आणि असे केस घेऊन गेलीस तर तुला नोकरीला कोण ठेवणार? दुबईला आल्यावर तिने ते सरळ केलेले सगळे केस कापून टाकले आणि स्वतःचे वाढवायला घेतले. तीन वर्षं ती घरी गेली नव्हती. आता एक बट तिने ओढून दाखवली, ती खांद्यापर्यंत आली. "दहा दिवसांनी जाते आहे," ती म्हणाली. "आईला दाखवायचेत. वाढतात म्हणून."

टोकं तेवढी सारखी करून हवी होती. दोन सलूनवाल्यांनी आज फुल्ल आहे म्हणून तिला परत पाठवलं होतं. हे 'फुल्ल' मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडेही अशा केसांची बाई दारात आली की खुर्च्या रिकाम्या असल्या तरी आम्ही फुल्लच असायचो. पण माझ्या माणसाला तिने चार दिवस सांभाळलं होतं.

"मला येतं की," मी म्हणाले. "उद्या ये."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी ती आली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. मी आधी खोबरेल तेल लावून छान चंपी केली, मग केस धुतले, आणि नेहमीसारखा मुळापासून कंगवा घातला. कंगवा अडकला. मी जोर लावला. तुटलेल्या केसांचा पुंजका कंगव्यात आला, तो मी तिला दिसू नये म्हणून एप्रनच्या खिशात टाकला. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण ओले केस ताणून, दोन बोटांत धरून, मानेवर सरळ रेघ मारावी तसे मी कापले. अर्धा इंच फक्त. ओले असताना काम झकास दिसत होतं.

सुकायला लागले तशी डावी बाजू उजवीपेक्षा वर गेली. मी उजवी बाजू ओली करून कापली. मग उजवी वर गेली. मी डावी घेतली. लोण्याच्या गोळ्याचे समान वाटे करायला बसलेल्या माकडाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, ते माकड नक्की काय करत होतं हे मला त्या दिवशी कळलं. मधेच कात्रीला धार नाही म्हणून असिस्टंटवर डाफरलेसुद्धा. नाचता येईना, अंगण वाकडं. थांबले तेव्हा केस जेमतेम कानापर्यंत उरले होते, आणि तेही एकीकडे फुगलेले, एकीकडे चपटे.

तिने चष्मा लावला. आरशात पाहिलं. कानामागची एक बट धरून खाली ओढली आणि ती कुठवर येते ते पाहिलं.

"इट्स ओके," ती म्हणाली. "गर्मी में अच्छा है."

पर्समधली टोपी काढून तिने घातली आणि ती गेली. रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि मुसमुसून रडले. तीन वर्षं वाढवलेलं मी पाऊण तासात कापलं होतं, तेही खोटं बोलून.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचे टाके अजून ओले होते. तो म्हणाला, "सॉरी म्हणू नकोस नुसतं. येत नव्हतं म्हणून सांग तिला."

चौदा वर्षांची लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू कुड हॅव जस्ट आस्क्ड हर."

तिला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण बोलायला तोंड कुठे होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "मला येत नव्हतं," म्हणाले. "मी कधीच असे केस कापले नव्हते. मी खोटं बोलले."

"मी रागावले आहे," ती म्हणाली. "पण असे केस घेऊन मी आईसमोर जाऊ शकत नाही. आणि आता आणखी कोणाकडे जायची माझ्यात हिंमत नाही. तुझ्या सुट्टीच्या दिवशी येते. मी सांगेन तसं करायचं."

सोमवारी ती आमच्या घरी आली. हॉलमध्ये ती खाली चटईवर बसली आणि मी तिच्यामागे सोफ्यावर. तिने माझा कंगवा मागून घेतला आणि टीपॉयखाली सारून दिला. पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि एक कंडिशनर एवढंच तिने आणलं होतं. आधी पाणी, मग कंडिशनर, तेल अगदी शेवटी आणि थोडं. केसांचे चार भाग. एका वेळी एकच भाग घ्यायचा, बाकीचे बांधून ठेवायचे. गुंता बोटांनी सोडवायचा, आणि तो टोकाकडून मुळाकडे.

"हळू," ती म्हणायची. "आणखी हळू. डोळे मीट आणि मग कर."

मी डोळे मिटले. लाज वाटेल अशी गोष्ट सांगते, सतरा वर्षांत मी कोणाचे केस डोळे मिटून हाताळले नव्हते. ते केस राठ असतील असं मी धरूनच चालले होते. ते पिंजलेल्या कापसासारखे मऊ होते. बोट नुसतं ठेवलं तरी गाठ कुठे आहे आणि ती कुठल्या बाजूने सुटेल ते कळायचं. कानामागचे केस वेगळे वळायचे, टाळूवरचे वेगळे. मी त्या सगळ्यांना ओलं करून एका रेघेत आणायला निघाले होते.

कापायचे ते पूर्ण सुकल्यावर, एकेक वळण जिथे आपसूक बसतं तिथेच, कणभर. मी कात्री लावायच्या आधी दर वेळी विचारायचे, "इथे?" ती हाताने चाचपून हो म्हणायची. कधी नाही म्हणायची. नवऱ्याने दोनदा चहा करून दिला. सकाळी बसलो ते दुपार उलटून गेली. केस आखूडच राहिले, ते मला परत देता येणार नव्हते. पण आता ते तिच्या चेहऱ्याभोवती गोल, एकसारखे उभे होते. लेकीने स्वतःहून फोटो काढला.

तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. "छान आहे," ती म्हणाली. "पण आई म्हणेल, बघ, मी सांगत होते ना. वाढत नाहीत."

मी तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, तेवढं मला पुष्कळ झालं.

ती गेली. पुढचे दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. रविवारी चर्चमध्ये मिसाला गुडघे टेकून मी सरळ मागणं मागितलं, तिच्या आईने तिला टाकून बोलू नये. त्याच दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती एका घराच्या ओसरीवर होती. शेजारी डोक्याला घट्ट फडकं बांधलेली तिची म्हातारी आई बसली होती, कडक चेहऱ्याची. आई काय म्हणाली हे विचारायचा मला धीर होईना.

"तीन दिवस काहीच बोलली नाही," ती म्हणाली. "आज सकाळी चहा घेताना मागून आली आणि माझ्या केसांत हात घालून उभी राहिली. म्हणाली, तू पाळण्यात होतीस तेव्हा असेच मऊ होते, मी विसरले होते."

म्हातारीने मोबाइलमध्ये वाकून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भाषेत मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने माझ्याकडे बोट करून उत्तर दिलं. मग म्हातारीने दोन्ही हात मागे नेले आणि डोक्यावरच्या फडक्याची गाठ सोडली.

मुलीने तोंडावर हात धरला. आईचं उघडं डोकं तिनेही वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं. कानशिलांवर केसच नव्हते, कातडी चकचकीत झाली होती. मधोमध पांढऱ्या केसांचे तुरळक झुबके. मुलीला लावायचं ते औषध आई आधी स्वतःला लावत आली होती, चाळीस वर्षं.

म्हातारी हळू आवाजात काहीतरी बोलली. मला भाषा कळली नाही, पण प्रश्न होता एवढं कळलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"माझे वाढतील का, म्हणते."

तिने मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, आत जाऊन पाण्याची ती फवाऱ्याची बाटली घेऊन आली आणि आईच्या मागे जाऊन बसली. मी फोन ठेवला नाही.