दारू भरायचं मशीन

आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक वस्तीत, एका भंगाराच्या दुकानात ते गृहस्थ मला दर रविवारी दिसायचे. काडतुसं भरायची जुनी हातयंत्रं ते हौसेनं जमवत. दांडा खाली ओढायचा, डोळे मिटून 'खट्' ऐकायचं आणि स्वतःशीच मान डोलवायची.

एकदा मी विचारलं, "घरी चालतं हे?"

"पहिलं नेलं तेव्हा बायकोला खरं सांगितलं, यात दारू भरतात. तिनं माझ्या आईला फोन लावला. बंदुकीची दारू गं, म्हटल्यावर तर तिच्या भावालाही लावला. खलास. तेव्हापासून खजुराच्या बिया काढायचं मशीन म्हणून नेतो."

"आणि बिया निघतात?"

"मस्त निघतात. रोज वाटीभर खजूर समोर येतो," नवं यंत्र रुमालानं पुसत ते म्हणाले. "फक्त मला डायबिटीस आहे."