पॅनमधलं कमी पडलेलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम तिच्यावरून सायकल घालायचो. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण हसून झालं तरी प्रश्न जात नाही, म्हणून लिहितो.

१९९८ चा एप्रिल. धारवाडबाहेर एका सरकारी शेतावर हवामानाच्या नोंदी ठेवणारी छोटी वेधशाळा होती, तिथं मी निरीक्षक. बाकीची उपकरणं सोडा, ही हकीकत एकट्या पॅनची आहे. पॅन म्हणजे बाष्पीभवन मोजायचं पसरट, गोल भांडं. लाकडी चौकटीवर ठेवलेलं, पांढऱ्या रंगाचं, पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर षट्कोनी भोकांची तारेची जाळी. आत एका बाजूला टोकदार सुई उभी. रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला जायचं, पाणी सुईच्या टोकाला टेकेपर्यंत मापानं भरायचं. जेवढं भरावं लागलं, तेवढं उडालं. इतकं साधं काम.

घरी अण्णा होता, माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा कोप्पीकर रोडवरच्या एका कापडदुकानात दिवसभर उभं राहून त्यानं मला बी.एस्सी. केलं. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा हुबळीला डायलिसिस, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद – दिवसभरात सगळं मिळून अर्धा लिटर पाणी. जास्त झालं तर फुप्फुसात साचणार. ऑफिसातलं एक जुनं माप मी घरी आणलं होतं, त्यानंच त्याला पाणी द्यायचो.

"काय रे सुधा, पावसाचं मोजतोस तसं माझं मोजतोस की," अशी तो आधी चेष्टा करायचा. मग चेष्टा संपली. "एक घोट दे रे... सोल्प नीर कोडो," असं मराठी-कन्नड मिसळून लहान मुलासारखं पाणी मागायचा. मी रिकामं माप दाखवून नाही म्हणायचो.

त्याच सुमाराला सकाळचं रीडिंग बिघडलं. रात्रीत पाणी फारसं उडत नाही, पण रोज नेहमीपेक्षा लिटरभर जास्त भरावं लागायला लागलं. गळती म्हणावी, तर दुपारी सगळं ठीक! पॅन रिकामा केला, उलटा केला, रंग खरवडून पाहिला. माझा सहकारी बसवराज तळावरून हात फिरवून म्हणाला, "सोराकत्तिल्ल्री, सर." खरंच गळत नव्हतं. चौकट कोरडी ठणठणीत, जाळी जागेवर, कुंपणाला कुलूप.

मग आम्ही काय केलं? आमच्याकडं नेहमी चालायचं तेच. विचित्र आकडा गेला की वरून खुलासा मागणारं पत्र यायचं. म्हणून आदल्या दिवसाचा आकडा थोडा इकडंतिकडं करून लिहून टाकायचा. रजिस्टर बघाल तर त्या एप्रिलात काहीच घडलेलं नाही.

इकडं डायलिसिसच्या आधी अण्णाचं वजन व्हायचं, ते प्रत्येक खेपेला भलतंच जास्त. दिवसाला किलोभर तरी. "यांना पाणी कोण देतंय?" डॉक्टर खवळले. मी वहिनीवर संशय घेतला, नको ते बोललो. ती रडली, देवाची शपथ घेतली, आणि माठ उचलून माझ्या खोलीत आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णानं मला जवळ बोलावलं. "तिला बोलू नकोस. मी तुझ्याकडंच पितो की. ते पांढरं पसरट आहे बघ... जाळी लागते तोंडाला, पण पाणी गार असतं."

अण्णा वेधशाळेत कधीच आला नव्हता. मीच कधीतरी वर्णन केलं असेल, असं मनाला समजावलं. पण त्याच्या हनुवटीवर बारीक षट्कोनी वळ होते. उशीचे असतील, वहिनी म्हणाली. उशीला षट्कोन कुठून येणार?

संध्याकाळी जाऊन मी पॅन ओतून टाकला. रजिस्टरात लिहिलं – साफसफाई. सकाळी अण्णाचे ओठ फुटलेले. "कोरडं ठेवलंस होय रे," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या खेपेला वजन बरोबर भरलं, डॉक्टर खूश. पुढं आठ दिवस मी रोज संध्याकाळी पॅन ओतत होतो, सकाळी भरत होतो, आणि रीडिंग मनानं लिहीत होतो. भावाला वाचवतोय असं वाटत होतं.

नवव्या दिवशी, रविवारी पहाटे, त्याला धाप लागली. हुबळीला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयच साथ देत नाही आता. दुपारी अण्णानं माझा हात धरला. "आज तरी भरून ठेव रे, सुधा."

वेडेपणा म्हणा... वहिनीला त्याच्याजवळ बसवून मी धारवाडची बस पकडली. बसवराजची सुट्टी होती, त्यामुळं पॅन आदल्या संध्याकाळपासून कोरडाच होता. बादल्यांवर बादल्या ओतून सुईपर्यंत भरला. जाळी काढून बाजूला ठेवली. घड्याळात सहा वाजत आले होते.

परत पोचलो तेव्हा अण्णा गेला होता. सहा वाजून गेल्यावर, लगेच. वहिनी कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "शेवटचं पाणी घालायला गेले, तर चमचा बाजूला सारला त्यांनी. म्हणाले, नको, पोटभर झालं... सुधानं दिलं."

सोमवारी सकाळी आम्ही त्याला घेऊन निघालो, त्या वेळचं रीडिंग बसवराजनं घेतलं. तिसऱ्या दिवशी मी धावत जाऊन रजिस्टर उघडलं. आकडा अगदी रोजच्यासारखा.

"बसवराज, हे खरं रीडिंग आहे?"

तो घुटमळला. "पाणी भाळ... फारच कमी होतं, सर. नंबर विचित्र येत होता... म्हणून आधीचाच घातला."

"पण किती कमी?"

"लक्षात नाही, सर. जाळी नव्हती, कुत्र्यानं प्यालं असेल."

असेलही कुत्रं. कुंपणाला कुलूप होतं, तरी असेल. आता मी रिटायर झालोय, स्पष्टीकरण मिळालं नाही आणि शोधायचंही सोडलंय. मला फक्त एवढंच कुणीतरी सांगा – तो जाणारच होता, तर ते आठ दिवस मी त्याला तहानलेला का ठेवला?