रविवारी बघू

गोरक्षनानांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं सिडकोत कुणी ऐकलं नव्हतं. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली. कुणाची पाण्याची मोटर अडो, कुणाची स्कूटर रुसो, नाना जेवणाचं ताट सारून पान्यांची पिशवी उचलणार. आणि घरचं काम? त्याला एकच ठरलेलं उत्तर: "रविवारी बघू." बायको, मैनाबाई, म्हणायच्या, "माझ्या नशिबात रविवारच नाही मेला!" हसत हसत म्हणायच्या, बरं का. एकदा तरी कडाकडा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नानांना आता वाटतं.

दसरा झाला आणि त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागायला लागला. मैनाबाईंनीच आधी पाहिला.

"अहो, हे काय लाल लाल?"

"बॅटरीचं असेल काहीतरी. रविवारी बघू."

पुढचे दोन रविवार लोकांच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेले. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी भाजी निवडता निवडता मैनाबाई छाती धरून आडव्या झाल्या. नानांनी त्यांना उचलून गाडीत बसवलं, चावी फिरवली. गाडी नुसती टक् करून गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. शेजारच्या राकेशला फोन करून त्याची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." झालं, संपलं.

एकुलती एक लेक हर्षाली इगतपुरीला दिलेली. डॉक्टरांचं ते वाक्य राकेशकडून तिच्या कानावर गेलं आणि तिने बापाशी बोलणंच टाकलं. तेरावं उरकून गेली ती गेली. फोन यायचा तो जावयाचा. नाना विचारायचे, "हर्षाली आहे का जवळ?" जावई बिचारा काहीतरी सारवासारव करायचा.

तीन महिन्यांनी ती आली, आईच्या साड्या न्यायला. कपाट आवरून बाहेर आली आणि धूळ खात उभ्या असलेल्या गाडीपाशी थांबली.

"हिला झालं काय होतं, तेवढं मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "मग मी पुन्हा विचारणार नाही." 'बाबा' म्हणाली नाही.

तीन महिन्यांत नानांनी त्या गाडीला हात लावला नव्हता. राकेशकडून चार्जर आणून त्यांनी बॅटरी दुपारभर चार्जिंगला लावली. देवाकडे मागणं एकच: आतलं काहीतरी अचानक जळालेलं निघू दे. कुणालाच आधी कळलं नसतं असं काही. मग निदान लेकीच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल.

चार वाजता हर्षाली गाडीत बसली. नानांनी बॉनेट उचललं आणि बापलेकीच्या मधे पत्रा उभा राहिला. तेही त्यांना बरंच वाटलं.

गाडी चालू झाली. "दिवा लागलाय?"

"लागलाय."

नानांनी मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला टेकवल्या. चालू गाडीत व्होल्टचा आकडा चौदाच्या आसपास हवा. दिसत होता जेमतेम बारा. म्हणजे बॅटरी भरणारा डायनामोच नीट फिरत नव्हता. त्याला फिरवणारा पट्टा चिरचिरत होता.

"बंद कर गं."

टॉर्च मारून ते वाकले. पट्टा पुलीच्या खाचेतून अर्धा वर आलेला, आणि खाचेत काहीतरी गुंडाळलेलं. स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढलं. काळं, वितळून गोळा झालेलं. अंगठ्याने पुसलं तर आतून निळं निघालं.

निळा नायलॉनचा दोरा. गाठीत झेंडूची वाळकी पाकळी.

दसऱ्याला नाना कुणाची तरी मोटर बघायला गेले होते. वाट बघून बघून मैनाबाईंनी एकटीनेच गाडीची पूजा केली, बॉनेट उघडून इंजिनालाही हार घातला. हार स्वतः ओवलेला. "साधा दोरा तुटतो मेला," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या, "हा जन्मात तुटायचा नाही."

सुटलो! नानांच्या मनात पहिलं हेच आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. लेकीला हाक मारायला त्यांनी तोंडही उघडलं. मग त्यांना कळलं, हा दोरा पाहून पोरीला काय कळणार ते. ती बापाला माफ करेल, आणि आईच्याच हातच्या हाराने गाडी अडली, हे ओझं जन्मभर वाहील.

नानांनी दोरा खिशात टाकला. पट्टा खाचेत बसवला, ताणला, नट आवळला. "कर चालू."

"गेला!" हर्षाली ओरडली. "दिवा गेला!" आणि धावत पुढे आली. "काय होतं?"

"पट्टा ढिला होता. ताणायचा राहिला माझ्याकडून."

"एवढंच? किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

"आणि आई सांगत होती तुम्हाला."

"सांगत होती. चूक माझीच, पोरी."

हर्षाली गाडीला टेकून हमसून हमसून रडली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं नानांना फार वाटलं, पण हात काळे होते. नुसत्या काळ्या हातांचीच अडचण होती असंही नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. बॉनेटच्या आतल्या बाजूला कुंकवाची दोन बोटं अजून दिसत होती. हर्षाली त्या बोटांकडे बघत राहिली.

"दसऱ्याचा फोटो पाठवला होता तिने मला. 'हार मीच ओवला' म्हणून किती मिरवत होती." मग हळूच म्हणाली, "बाबा, त्या हारातलं काही ठेवलंय का हो तुम्ही? एखादं फूल, काहीही. तिच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही."

तीन महिन्यांनी 'बाबा' ऐकलं होतं त्यांनी. हात खिशात गेला आणि दोऱ्यावर मूठ आवळली गेली.

"नाही गं," नाना म्हणाले. "काहीच नाही राहिलं."