खुब्याचं हाड कुणाच्या पुढ्यात

उरुमकानचा मत्सर तिच्या हातांइतकाच गावात गाजलेला होता, हे आधी लिही पोरी. नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही.

हात कसले होते तिचे! आखूड बोटं, लोकर पिंजून पिंजून खरखरीत झालेली. कुणी घोड्यावरून पडो, कुणी बर्फावर घसरो, ती कपड्यावरूनच चाचपायची. नडगी मोडलीय की नुसती तडकलीय, गुडघ्याची वाटी सरकलीय का, घोटा सुजलाय की निखळलाय, सगळं बोटंच तिला सांगायची. मग समोरच्याला बोलण्यात गुंतवायची, "काय रे, तुझ्या बायकोनं यंदा लोणी कुठं लपवलंय?" तो तोंड उघडतोय तोवर कट्ट! सांधा जागच्या जागी. वर त्याच्याच पाठीत धपका, "ऊठ, रडतोयस काय बायकांसारखा? बायकासुद्धा एवढ्या रडत नाहीत."

ही विद्या तिच्या सासूची, कालिपाची. उरुमकान नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासूनं लोकरीच्या जाड पिशवीत मेंढीच्या मागच्या पायाची हाडं घातली आणि म्हणाली, "डोळे मीट, हात घाल आणि सांग." खुबा, मांडी, नडगी, घोटा. डावं की उजवं. एका उन्हाळ्यात उरुमकान तयार झाली. मग सासूनं मांडीचं हाड दगडानं फोडून तुकडे पिशवीत टाकले, तर या बाईनं आतल्या आत ते जुळवून दाखवले. सासू एवढंच म्हणाली, "हिच्या बोटांना डोळे आहेत." त्या एका वाक्यावर उरुमकान कितीतरी वर्षं जगली.

पुढे धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सोनुन आली. बारीक चणीची, हळू बोलणारी, हसली की गालाला खळी. पिशवीत हात घातला की डाव्याला उजवं म्हणायची. उरुमकान मनातून खूश. वरून म्हणायची, "राहू दे गं सोनुन, तू आपली कणीक मळ. तुझी बोटं त्यासाठीच केलीत देवानं."

पण आमच्यात आईबाप राहतात धाकट्या मुलाकडे. तेव्हा सासू राहिली सोनुनच्या घरात. एका उन्हाळ्यात उरुमकान मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेली होती आणि इकडे कालिपा विहिरीपाशी पडली ती पुन्हा चालली नाही. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलून देणं, पाय चोळणं, सगळं सोनुनच्या अंगावर पडलं. उरुमकान सायीचं भांडं घेऊन बघायला जायची, तर दोघींची रजईखाली काहीतरी कुजबूज चाललेली असायची. ही आत आली की चिडीचूप! झालं. हिच्या पोटात निखारा पडला. म्हातारी तिला काय शिकवतेय? मला न शिकवलेलं असं काय उरलंय?

त्याच वर्षी मेंढी कापली. आमच्या पंगतीत कोणतं हाड कुणाच्या पुढ्यात पडतं यावर माणसाची किंमत ठरते, ते तुला माहीतच आहे. खुब्याचं हाड मोठ्या सुनेचं. उरुमकान डोक्याचा रुमाल सावरून बसली होती. आणि म्हातारीनं अंथरुणातूनच हात लांब करून ते हाड ठेवलं सोनुनच्या पुढ्यात. कुणीतरी म्हणालंही, "अहो कालिपाबाई, मोठी ती आहे."

"मोठी कोण ते मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली, आणि चहा मागितला.

उरुमकाननं त्या दिवशी घास गिळला नाही. घरी येऊन नवऱ्याचं, सात्तारकुलचं, डोकं खाल्लं. तो म्हणाला, "अगं, हाड आहे ते, सोनं नव्हे."

"तुम्हाला नाही कळायचं!"

म्हातारी गेली, वर्षं लोटली, दोघी जावांचे केस पिकले, पण निखारा विझला नाही. सोनुनच्या धुराड्यातून लवकर धूर निघाला तरी हिला खुपायचं. सोनुनच्या गाईची साय जाड, सोनुनच्या भिंतीला नवा गालिचा. आणि कुणाचा घोडा सोनुनच्या दारात बांधलेला दिसला की हिची झोप उडायची. पोरांच्या मुरगळलेल्या पायांसाठी लोक तिकडेही जायला लागले होते ना. एकटी असली की उरुमकान जुनी पिशवी काढायची आणि डोळे मिटून हाडं चाचपायची. सगळी अजून बरोबर यायची. मग कमी काय होतं तिच्यात?

आता मुख्य गोष्ट. कुरणावरून खाली आल्यानंतरचे दिवस. दुपारी अंगणातून आरोळी आली. सात्तारकुल जमिनीवर पडलेला, शेजारी घोडा उभा. "घोड्यानं फेकलं," तो कण्हत म्हणाला. "सुसाट उधळला. मी म्हणून वाचलो."

शेजाऱ्यांनी उचलून आत आणलं. उरुमकाननं पाहिलं तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. उधळत्या घोड्यावरून पडला, पाय आखूड झाला, म्हणजे मांडीचा गोळा खुब्याच्या वाटीतून निसटला. असे तिनं कितीतरी बसवले होते. जांघेत घडी घातलेलं घोंगडं ठेवलं, दोघा शेजाऱ्यांना खांदे धरायला लावले, टाच हातात घेतली. आणि खरं सांगायचं तर नवरा विव्हळत असतानाही तिला आतून बरं वाटत होतं. आता गाव बघेल. सोनुनच्याही कानावर जाईल.

तेवढ्यात तीच धावत आली. हाताला कणीक तशीच. पण उंबऱ्याशीच थांबली. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराचं नाव घेऊ नये, तिथं पायाला हात कसा लावणार? तिथूनच टक लावून बघितलं आणि म्हणाली, "जाऊबाई, ओढू नका."

"का गं? आता तू शिकवणार मला?"

"घोडा कोरडा आहे हो. घामाचा थेंब नाही. पायबंदसुद्धा सोडलेला नाही."

सगळे सात्तारकुलकडे बघायला लागले. तो छताकडे.

"अहो, कसे पडलात?"

उरुमकाननं टाचेवरची पकड घट्ट केली.

"सांगताय, की ओढू?"

"पायरीवरून," तो पुटपुटला. "आपल्याच. शेळी आत शिरत होती, तिला हाकलायला पाय उचलला."

खांदे धरलेला शेजारी एवढा हसला की हात सुटले. सात्तारकुल भडकला, "हसा! या वयाच्या माणसानं शेळीमुळे पडलो म्हणून सांगायचं? जन्मभर घोड्यावर बसलोय मी!"

उरुमकान मात्र हसली नाही. सोनुन हळूच म्हणाली, "म्हातारं माणूस उभ्या उभ्या पडलं तर सांधा निसटत नाही, हाड मोडतं. निसटला असता तर अंगठा आत वळला असता. यांचं पाऊल बाहेर लोळतंय बघा. सासूबाईंचं असंच होतं."

"मांडी मी चाचपलीय. सरळ आहे."

"मांडी नाही, मांडीची मान. मेंढीची आखूड असते म्हणून पिशवीत कळत नाही. माणसाची लांब आणि तिरकी. सासूबाईंनी माझा हात धरून स्वतःच्या खुब्यावर फिरवला होता. म्हणाल्या, हे पिशवीत सापडायचं नाही."

म्हणजे रजईखाली हे चाललं होतं! म्हातारीनं आपलं मोडलेलं अंग हिच्या हातात दिलं. निखारा असा फुलला की उरुमकानला वाटलं, टाच हिसडावी आणि दाखवावं हिला. हात आवळलेसुद्धा. मग सात्तारकुलनं तिच्याकडे पाहिलं. तिच्यावर पूर्ण विश्वास टाकून, कापायच्या आधी मेंढरू बघतं ना, तसं.

"दाखव," ती म्हणाली.

पण दिराला हात लावायचा नाही. तेव्हा सोनुननं उरुमकानलाच भिंतीकडे वळवलं आणि कणकेचा हात तिच्या कमरेखाली दाबला. "हा बाहेरचा उंचवटा. इथून मान तिरकी आत, वर जाते, तिच्या टोकाला गोळा. आता हेच त्यांच्यावर शोधा. हलके." इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना हात लावला नव्हता.

उरुमकान वाकली. उंचवटा सापडला, पण वर चढलेला. पाय जरासा फिरवला आणि भाकरीत खडा लागावा तसं आत खोल काहीतरी करकरलं. तिनं हात काढून घेतले.

"दार काढा चौकटीतून," ती शेजाऱ्यांना म्हणाली. "आणि कुणाची तरी लॉरी बघा. हे माझं काम नाही." जांघेतलं घोंगडं तिनंच ओढून काढलं, दोन्ही पाय एकत्र लोकरीच्या पट्ट्यानं बांधले, आणि म्हाताऱ्याला दारावर निजवून शहराच्या दवाखान्यात नेलं. तिथं खिळा घालून हाड जोडलं. ओढलं असतं तर काय झालं असतं, हे उरुमकानला कुणी सांगावं लागलं नाही.

काठी टेकत सात्तारकुल घरी आला तेव्हा मेंढी कापली. कढईपाशी उरुमकानच होती, आणि सगळ्या बायकांचं लक्ष तिच्या पळीवर. तिनं खुब्याचं हाड काढलं. सुरी घेतली. उभ्या उभ्या त्यावरचं बरंचसं मांस कापून स्वतःच्या तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि उरलेलं हाड सोनुनच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. हाड तुझं. मांसाचा बोभाटा करू नकोस. आणि उद्या ये घरी, ती मान पुन्हा नीट दाखव मला."

"येते की, जाऊबाई," सोनुन म्हणाली आणि हसली.

"हसू नकोस," उरुमकान म्हणाली. "खळी पडते."